चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशातील वाहतूक व संदेशवहन

महाराष्ट्राच्या अतिपूर्वेकडील चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जलमार्ग, तारायंत्र, टपाल, रेल्वे, मोटार, नभोवाणी व दूरध्वनी यांचा जो प्रसार झाला, त्याचा हा इतिहास आहे. हे दोन्ही जिल्हे पूर्वी चांदा या एकाच जिल्ह्यात मोडत. १९६४ च्या सुमारास चांदा हे नाव बदलून चंद्रपूर करण्यात आले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्व भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा निर्माण करण्यात आला. वाहतुकीच्या इतिहासात या प्रदेशाचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. भारताच्या उत्तर व दक्षिण भागांना जोडणारा एक प्रमुख लोहमार्ग येथून जातो आणि एकेकाळी मध्य भारताला समुद्राशी जोडणाऱ्या जलमार्गाची योजनाही येथेच आखली गेली. असे असूनही येथील अनेक गावे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पावसाळ्यात आपल्या तालुक्याच्या ठिकाणापासूनही तुटलेली असत. देश जोडणारे मार्ग एखाद्या प्रदेशातून गेले, म्हणजे तो प्रदेश आपोआप जोडला जातो असे नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

भूप्रदेश व पूर्वकालीन दळणवळण : चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ११,४४३ चौ. किमी. व गडचिरोली जिल्ह्याचे सु. १४,४१२ चौ. किमी. आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. वैनगंगा ही दोन्ही जिल्ह्यांच्या दरम्यान बऱ्याच अंतरापर्यंत सीमेवरून वाहते. चपराळ्याजवळ तिचा व वर्धा नदीचा संगम होऊन पुढील प्रवाहास प्राणहिता हे नाव मिळते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते, तर पूर्वेकडून येणारी इंद्रावती त्याखाली गोदावरीत विलीन होते. भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या एकत्र येतात. या नद्यांमुळे प्रदेशाला पाणी व सुपीक खोरी लाभली. त्याच नद्या पावसाळ्यात दळणवळणातील सर्वांत मोठा अडथळाही ठरत आल्या आहेत.

चांदा येथे गोंड राजांची राजधानी होती. १७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. त्या काळी मालाची ने-आण मुख्यत्वे बैलांच्या पाठीवरून होई. बंजाऱ्यांचे तांडे मीठ, धान्य व कापूस वाहून नेत. उन्हाळ्यात कोरड्या वाटांवर बैलगाड्या चालत आणि नद्या लाकूड कोरून केलेल्या डोंग्यांतून ओलांडल्या जात. प्राणहिता व गोदावरी यांच्या प्रवाहात सागाच्या ओंडक्यांचे तराफे सोडून ते पूर्व किनाऱ्याकडे नेण्याची पद्धत होती. बातमी पोहोचविण्याची साधने म्हणजे आठवडी बाजार, गावची दवंडी आणि वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील महाशिवरात्रीसारख्या यात्रा ही होत. गोंड व माडिया समाजांत लिखित पत्रांची परंपरा नसली, तरी संदेशवहनाची व्यवस्था होती. लगतच्या बस्तर संस्थानात १९१० साली उठाव झाला, तेव्हा आंब्याच्या डहाळ्या, मिरच्या व बाण गावोगाव फिरवून लोकांना एकत्र येण्याचा संकेत देण्यात आला होता. तारायंत्र येऊन अर्धशतक उलटल्यानंतरही जंगलातील ही जुनी पद्धत परिणामकारक होती, हे यावरून दिसते.

तारायंत्र व १८५८ चा उठाव : तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरमध्ये निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य १८५४ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केले. याच सुमारास विल्यम ओशॉनेसी याच्या देखरेखीखाली भारतात तारायंत्राचे जाळे उभे राहत होते. कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे १८५४–५५ मध्ये तारांनी जोडली गेली. १८५७ च्या उठावात तारायंत्राचे लष्करी महत्त्व शासनाच्या लक्षात आले आणि तारांचे नवे मार्ग घाईने टाकले जाऊ लागले. असे एक पथक प्राणहिता खोऱ्यात काम करीत होते.

चांदा जिल्ह्याच्या दक्षिण भागात १८५८ च्या प्रारंभी मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी उठाव केला. आडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री उठाववाल्यांनी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथील तार खात्याच्या तळावर हल्ला केला. त्यात गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. त्यांचा पीटर नावाचा सहकारी निसटला. त्या वेळी कॅप्टन क्रिक्टन हा चांद्याचा उपायुक्त होता. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांदा येथे फाशी देण्यात आले. व्यंकटराव काही काळ बस्तरात आश्रयाला होते. पुढे तेही पकडले गेले.

या प्रदेशातील आधुनिक संदेशवहनाच्या इतिहासात चिंचगुंडीची घटना प्रारंभीची व अर्थपूर्ण आहे. तारेच्या तळावरील हल्ल्याकडे यंत्राविषयीच्या अज्ञानातून झालेली कृती म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. नवी राजसत्ता जंगलात ज्या रूपाने प्रथम प्रवेश करीत होती, त्या रूपावर तो आघात होता. तारेवरून जाणारा संदेश येथील लोकांचा नव्हता व त्यांच्यासाठीही नव्हता. त्यांच्या भूमीतून जाणाऱ्या तारेने जोडली जाणारी ठिकाणे दूर कोठेतरी होती.

गोदावरी जलमार्गाची योजना : रेल्वेपूर्वी या प्रदेशाला बाह्य जगाशी जोडण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न गोदावरीतून झाला. गोदावरीवरील धवळेश्वरमच्या धरणाचे शिल्पकार सर आर्थर कॉटन हे रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतात, या मताचे कट्टर पुरस्कर्ते होते. वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांमधून आगबोटी चालवून वऱ्हाड व नागपूरचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यावर उतरवावा, अशी ही कल्पना होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली आणि या योजनेस इंग्लंडमध्ये पाठिंबा मिळाला. मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाली होती. या प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांनीही योजनेचा पाठपुरावा केला.

योजनेसाठी राजकीय पार्श्वभूमी आधीच तयार करण्यात आली होती. निजामाशी १८६० मध्ये झालेल्या करारान्वये गोदावरीच्या डाव्या तीरावरील त्याचा मुलूख ब्रिटिशांकडे आला व नदीवरील वाहतूक जकातमुक्त ठरली. या मुलखाचा अपर गोदावरी हा स्वतंत्र जिल्हा करून सिरोंचा हे त्याचे मुख्य ठिकाण करण्यात आले. आज राज्याच्या अगदी टोकाला समजले जाणारे सिरोंचा त्या काळी एका मोठ्या व्यापारी मार्गावरील केंद्र होण्याच्या बेतात होते.

तथापि नदीच्या पात्रातील खडकांनी ही योजना निष्फळ ठरविली. दुम्मागुडेम, इंचमपल्ली व देवलमरी या तीन ठिकाणी पात्रात खडकांचे विस्तीर्ण अडथळे होते. त्यांना वळसा घालण्यासाठी कालवे खोदणे आणि बोटी वर-खाली चढविण्या-उतरविण्यासाठी जलपाश बांधणे आवश्यक होते. दुम्मागुडेम येथे अशी कामे झाली, परंतु वरचे दोन अडथळे पार करणारा सलग मार्ग तयार होऊ शकला नाही. शिवाय पावसाळा संपल्यावर नदीचे पाणी झपाट्याने उतरत असल्याने बोटी वर्षातील काही महिनेच चालू शकत. दरम्यान १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि कापूस मुंबईकडे वळला. युद्ध संपल्यावर अमेरिकेचा कापूसही पुन्हा बाजारात आला. अखेर १८७१ मध्ये ही कामे सोडून देण्यात आली. अपर गोदावरी जिल्हा १८७४ मध्ये मोडण्यात आला. त्याचा सिरोंचा भाग चांदा जिल्ह्यास जोडला गेला, तर भद्राचलम व रेकापल्ली हे तालुके मद्रास इलाख्यात गेले. ज्या शोधाने उर्वरित देश जवळ आणला, त्या रेल्वेमुळेच सिरोंचा मुख्य प्रवाहापासून दूर पडले.

रेल्वेमार्ग : चांदा जिल्ह्यात रेल्वे आली, ती कोळशासाठी. वरोडा येथील कोळशाची खाण १८७० च्या दशकाच्या आरंभी सरकारतर्फे सुरू झाली आणि तेथील कोळसा नेण्यासाठी त्याच दशकात वर्धा–वरोडा हा फाटा बांधण्यात आला. वरोड्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. तोपर्यंत दक्षिणेकडे बल्लारपूर परिसरात कोळशाचे साठे आढळले होते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग चांद्यावरून बल्लारशाहपर्यंत वाढविण्यात आला.

पूर्वेकडून बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने ७६·२ सेंमी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग आणला. गोंदिया, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड व मूल यांवरून जाणारा हा मार्ग १९०८ ते १९१३ या काळात टप्प्याटप्प्याने चांद्यापर्यंत पूर्ण झाला. नागपूर–नागभीड ही त्याची शाखा होती. भाताच्या शेतीचा पूर्वेकडील पट्टा व तेथील जंगले यांना या मार्गाने प्रथमच बाजारपेठ मिळाली. मात्र चांदा शहरात दोन कंपन्यांची दोन वेगळी स्थानके आणि दोन वेगळ्या मापांचे रूळ होते. पूर्वेकडून चांदा फोर्ट स्थानकावर आलेला माल पुढे पाठवावयाचा झाल्यास तो एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. एकाच शहरात येऊन पोहोचलेले हे दोन मार्ग ऐंशीहून अधिक वर्षे परस्परांशी एकरूप झाले नाहीत.

बल्लारशाहच्या दक्षिणेस निजामाचे राज्य होते. काझीपेठ–बल्लारशाह हा रेल्वेमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा दिल्ली व मद्रास यांमधील सरळ लोहमार्गाचा राहिलेला दुवा जुळला. त्याच वर्षी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली. सुरुवातीस ती पेशावर व मंगलोर यांदरम्यान धावत असे. पुढे दिल्ली–मद्रास हा तिचा मार्ग निश्चित झाला. वायव्य सरहद्दीचा प्रवासी गाडी न सोडता ज्या जंगलातून मलबार किनाऱ्याला जाऊ शकत होता, त्याच जंगलातील भामरागडच्या रहिवाशाला चांद्याला येण्यासाठी कित्येक दिवस पायी चालावे लागे.

या अरुंदमापी मार्गाचे पुढे रूपांतर झाले. गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुंदमापी झाला व बल्लारशाहच्या मुख्य मार्गास जोडला गेला. जबलपूर–गोंदिया मार्गाचेही रुंदमापीकरण २०२० नंतर पूर्ण झाल्यामुळे उत्तर भारतातून दक्षिणेकडे जाण्यास नागपूर टाळणारा आणखी एक मार्ग उपलब्ध झाला. नागपूर–नागभीड अरुंदमापी गाडी २०१९ मध्ये रूपांतराच्या कामासाठी बंद करण्यात आली. गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला या संपूर्ण जाळ्यातील वडसा (देसाईगंज) हे एकच स्थानक आले. वडसा–गडचिरोली हा सु. ५२ किमी. लांबीचा मार्ग २०१० नंतरच्या काळात मंजूर झाला.

टपाल, रस्ते व बिगार : भारतात १८५४ च्या टपाल कायद्याने अंतर कितीही असले, तरी पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला. वनप्रदेशात टपाल पायी जाई. घुंगरू लावलेली काठी किंवा भाला घेऊन टपालाची थैली वाहणारा डाकवाला एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत धावत जात असे. वाघ, पूर व हिवताप हे त्याच्या वाटेवरील नित्याचे धोके होते. दर देशभर समान झाला, तरी पत्र पोहोचण्यास लागणारा वेळ मात्र समान नव्हता. साक्षरता अत्यल्प असल्यामुळे स्वस्त टपालाचा लाभही प्रामुख्याने कचेऱ्या, व्यापारी व मालगुजार यांनाच झाला.

पूर्व भागातील विस्तीर्ण क्षेत्र जमीनदाऱ्यांत विभागलेले होते. त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. तेथे पक्के रस्ते जवळजवळ नव्हते. जंगल खात्याने सागाची ने-आण करण्यासाठी काढलेल्या गाडीवाटा हेच त्या भागातील प्रमुख मार्ग होते. आलापल्लीचा साग देशभर प्रसिद्ध झाला. ओंडके ओढण्यासाठी हत्तींचा उपयोग करीत. कमलापूर येथील हत्ती-कॅम्प ही त्याच व्यवस्थेची आजवर टिकलेली खूण होय. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविण्याचे काम मध्य प्रांताच्या वनप्रदेशात बहुधा बिगारीवर आदिवासींकडून करून घेतले जाई. म्हणजे जेथे यांत्रिक वाहन पोहोचले नव्हते, तेथे माणूस हेच वाहन झाले होते. बस्तरातील १९१० च्या उठावाच्या कारणांत बिगारीचा समावेश होतो. मध्य प्रांतातील जमीनदारी व मालगुजारी यांचे उच्चाटन करणारा कायदा १९५१ मध्ये अंमलात आला आणि या व्यवस्थेचा कायदेशीर आधार नाहीसा झाला.

चिमूरचा उठाव व वृत्तबंदी : रस्ते व बातमी यांच्यावरील नियंत्रण म्हणजे सत्तेवरील नियंत्रण, हे १९४२ मध्ये पुन्हा प्रत्ययास आले. छोडो भारत आंदोलनात १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यानंतरच्या उद्रेकात जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. लोकांनी झाडे आडवी पाडून रस्ते रोखले व काही दिवस गावावर शासनाचा अंमल राहिला नाही. १९ ऑगस्टच्या सुमारास सैन्य गावात शिरले आणि त्यानंतर गावकऱ्यांवर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. त्यांच्या चौकशीच्या मागणीसाठी महात्मा गांधींचे अनुयायी प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. सरकारने या उपोषणाच्या व चिमूरच्या बातम्या छापण्यास बंदी घातली. तिच्या निषेधार्थ देशातील अनेक वृत्तपत्रांनी जानेवारी १९४३ मध्ये एक दिवस प्रकाशन बंद ठेवले. रेल्वेपासून दूर असलेल्या एका खेड्यातील घटना बंदीमुळेच देशभर पोहोचली. चिंचगुंडीच्या जंगलात तारेवर हल्ला करणाऱ्यांची बाजू सांगणारे कोणतेही साधन १८५८ मध्ये नव्हते. १९४२ मध्ये मात्र वृत्तपत्रांमुळे गावकऱ्यांची तक्रार संपूर्ण देशाचा विषय होऊ शकली. मधल्या ८४ वर्षांत संदेशवहनाच्या साधनांमुळे घडून आलेला हा सर्वांत मोठा बदल म्हणता येईल.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर वाहतुकीच्या विकासात उद्योगांचा वाटा मोठा राहिला. बल्लारपूर येथील कागद कारखान्यासाठी १९४५ मध्ये कंपनी स्थापन झाली. एका बाजूस बांबूची जंगले, दुसऱ्या बाजूस कोळसा व दारात मुख्य लोहमार्ग या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. पूर्वेकडील जंगलातील बांबू मालमोटारींतून बल्लारपूरला येऊ लागला. त्यासाठी काढलेल्या अनेक वाटा कोरड्या ऋतूतच उपयोगी पडत. माल नेण्यासाठी तेवढे पुरेसे होते, परंतु माणसांना मात्र बाराही महिने रस्त्याची गरज असते.

प्रवासी वाहतुकीत राज्य परिवहनाच्या मोटारगाड्यांनी मोठा बदल घडविला. १ जून १९४८ रोजी पुणे व तत्कालीन अहमदनगर यांदरम्यान मुंबई राज्याची पहिली सरकारी प्रवासी गाडी सुटली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्यामुळे चांदा जिल्हा या सेवेच्या कक्षेत आला. हैदराबाद राज्यातून आलेला राजुरा तालुका १९५९ मध्ये या जिल्ह्यास जोडला गेला. विद्यार्थी, बाजारकरी व रुग्ण यांच्या दृष्टीने तालुक्याच्या गावी जाणारी एस. टी. हीच शासनाशी असलेली सर्वांत जिवंत गाठ होती. असे असले, तरी गाडी रस्त्याच्या व रस्ता पुलाच्या पलीकडे जाऊ शकत नव्हता. जिल्ह्याच्या विभाजनामागेही अंतर हे एक प्रमुख कारण होते. गडचिरोलीहून सिरोंचा सु. २०० किमी. अंतरावर आहे. चंद्रपूर हेच जिल्ह्याचे ठिकाण असताना दक्षिण टोकाच्या लोकांना साध्या कामासाठीही दोन-तीन दिवस खर्ची घालावे लागत.

पूल व पावसाळा : या प्रदेशाच्या दळणवळणात पुलाइतके महत्त्व अन्य कोणत्याही बांधकामास नाही. वैनगंगेवर व्याहाड–गडचिरोली मार्गावर तसेच आष्टी येथे पूल झाल्यामुळे दोन्ही जिल्हे परस्परांस जोडले गेले. गोदावरीवरील सिरोंचा–कालेश्वर पूल एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वाहतुकीस खुला झाला. ज्या नदीतून आगबोटी चालविण्याचा बेत १८७१ मध्ये सोडून द्यावा लागला होता, ती ओलांडून सिरोंचाचा तेलंगणाशी बारमाही संबंध येण्यास त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यापूर्वी १९४९ च्या सुमारास त्यांनी आनंदवनासाठी निवडलेले वरोडा रेल्वेमार्गावर होते, तर हेमलकसा पावसाळ्यात कित्येक महिने जगापासून तुटत असे. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या तेथील कार्याच्या आरंभीच्या वर्षांत औषधे व धान्य पावसाळ्यापूर्वीच साठवून ठेवावे लागे. अतिवृष्टीच्या दिवसांत पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग एकविसाव्या शतकातही आले आहेत. जेथे पूल नाही, तेथे नाव हेच साधन राहिले. चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ जानेवारी २०२४ मध्ये वैनगंगेत नाव उलटून पलीकडच्या शेतांत मिरची तोडणीस निघालेल्या मजूर स्त्रिया बुडाल्या. पुलाअभावी मोजावी लागणारी किंमत अशा घटनांतून दिसते.

अंतरावर रस्त्याखेरीज अन्य उपायही शोधले गेले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली येथे ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम सुरू केले. रुग्णालयापर्यंत नवजात बालक पोहोचू शकत नसेल, तर उपचार घरापर्यंत न्यावेत, या विचाराने त्यांनी गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. या पद्धतीने नवजात बालकांच्या मृत्यूंत मोठी घट झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत देशाच्या आरोग्यधोरणात स्वीकारली गेली.

नभोवाणी व दूरध्वनी : १६ जुलै १९४८ रोजी नागपूर येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. ट्रँझिस्टरचा प्रसार झाल्यावर वीज नसलेल्या गावांतही हवामान, शेती व बाजारभाव यांची माहिती पोहोचू लागली. नद्या व जंगले यांचा अडथळा न मानणारे हे पहिले साधन होय. तथापि भाषेचा अडथळा त्यालाही होता. या प्रदेशात मराठीखेरीज गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी या भाषा व बोली, तसेच पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली भाषा बोलली जाते. मराठी कार्यक्रम ऐकू येत असले, तरी अनेकांना ते समजत नसत.

दूरध्वनी दीर्घकाळ तालुक्याच्या ठिकाणांपुरता मर्यादित राहिला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये देशभर बंद झाली. २०१४ मध्ये केंद्र शासनाने नक्षलग्रस्त जिल्ह्यांत भ्रमणध्वनीचे मनोरे उभारण्याची योजना मंजूर केली. तीत गडचिरोलीचा समावेश होता. अनेक गावांत तारेच्या दूरध्वनीचा टप्पा आलाच नाही आणि पत्रानंतर एकदम भ्रमणध्वनीच आला.

रस्ते व सशस्त्र संघर्ष : १९८० मध्ये आंध्र प्रदेशातील नक्षलवादी गट प्राणहिता ओलांडून सिरोंचा भागात आले. त्यानंतर रस्ता, पूल व मनोरे हेच संघर्षाचे विषय बनले. सुरक्षादले व प्रशासन यांना आत येण्यासाठी रस्ता आवश्यक होता आणि त्याच कारणासाठी नक्षलवाद्यांचा त्यास विरोध होता. केंद्र शासनाने २००९ मध्ये अशा ३४ जिल्ह्यांसाठी रस्तेबांधणीची विशेष योजना मंजूर केली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरील २७ वाहने जाळण्यात आली. त्याच दिवशी घटनास्थळाकडे निघालेल्या पोलिसांच्या वाहनाखाली जांभूरखेड्याजवळ स्फोट घडविण्यात येऊन १५ पोलीस व वाहनचालक ठार झाले. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे डिसेंबर २०१६ मध्ये लोहखनिज वाहणाऱ्या अनेक मालमोटारी जाळण्यात आल्या होत्या. २०२१ नंतर तेथील उत्खनन व वाहतूक मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. अवजड वाहनांमुळे होणारी रस्त्यांची दुरवस्था व अपघात हा त्यानंतर स्थानिक तक्रारीचा विषय झाला. रस्ता कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न सागाच्या काळात होता, तोच लोहखनिजाच्या काळात नव्या स्वरूपात उभा राहिला.

वाहतुकीचा अधिकार : वनप्रदेशात वाहन व रस्ता असूनही माल हलविता येत नाही, कारण वनोपजाच्या वाहतुकीस परवाना लागतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे बांबू हा वृक्ष मानला जात असल्यामुळे तो तोडण्याचा व नेण्याचा अधिकार वनखात्याकडे होता. वनहक्क अधिनियम, २००६ ने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु वाहतूक परवान्याअभावी गावाला आपला बांबू विकता येईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. २०१२ च्या सुधारित नियमांनी असे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेने नेमलेल्या समितीस दिला. दळणवळणाच्या इतिहासात या छोट्या पुस्तकाचे महत्त्व एखाद्या पुलाहून कमी नाही. जंगलातून बाहेर जाणाऱ्या मालावर येथील रहिवाशांची सही प्रथमच चालू लागली.

मूल्यमापन : या प्रदेशात आलेले बहुतेक शोध बाहेरच्या गरजेतून आले. तार राज्यकारभारासाठी, आगबोटीची योजना कापसासाठी, रेल्वे कोळशासाठी व मालमोटारींच्या वाटा साग-बांबूसाठी आल्या. त्यामुळे मार्गांची दिशा जंगलातून बाहेर अशी राहिली. गावे एकमेकांना व तालुक्याच्या ठिकाणाला जोडणारे मार्ग फार उशिरा आले. रस्ता आल्याने शाळा, दवाखाना व बाजार जवळ आले, हे जितके खरे, तितकेच रस्त्याबरोबर जंगलाचा ऱ्हासही जवळ आला, हेही खरे आहे. दळणवळणाच्या साधनांचा लाभ त्या साधनांवर कोणाचा अधिकार आहे यावर अवलंबून असतो, हे चिमूरची वृत्तबंदी आणि मेंढ्याचा परवाना या दोन्ही उदाहरणांवरून दिसून येते.

मुंबई–ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. दिल्ली–मद्रास मार्गावरील बल्लारशाहचा दुवा १९२९ मध्ये जुळला. एटापल्ली तालुक्यातील गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या सु. ३२ किमी. लांबीच्या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली प्रवासी गाडी १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली. देश जोडला जाण्याची प्रक्रिया एका दिवसात वा एका शोधाने पूर्ण होत नाही. ती किती लांबली, हे या तीन तारखांमधील अंतर सांगते.